संगणकावरील प्रयोगशाळा : पर्याय की पूरक?

प्रयोगशाळा महाग आहे आणि संगणक स्वस्त होत चालला आहे. तेव्हा प्रयोगशाळेचे काम संगणकाकडून करून घ्यावे, हा विचार वरवर पाहता इतका सरळ वाटतो की त्यात काही खोट असेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. अभियांत्रिकीच्या शिक्षणात हा विचार आता चांगलाच रुजू लागला आहे. पोलादाची सळई ताणून तोडणे, काँक्रीटचा ठोकळा दाबून फोडणे, तुळईवर भार ठेवून ती किती वाकते हे मोजणे, ही कामे पूर्वी केवळ यंत्रांच्या खडखडाटात आणि सिमेंटच्या धुळीत होत असत. आज ती पडद्यावरही होऊ शकतात. पदार्थाचे गुणधर्म आणि भाराचे आकडे संगणकाला पुरवले की तो गणित करतो आणि तुळई कोठे वाकेल, कोठे तडकेल, हे रंगीत चित्रात दाखवतो. तंत्रशिक्षणाच्या वर्तुळात याला सिम्युलेशन म्हणतात. मराठीत त्याला प्रतिरूपण म्हणता येईल. मोठ्या शहरांतील संपन्न संस्थांच्या दृष्टीने हा फारतर सोयीचा प्रश्न आहे, कारण त्यांच्याकडे यंत्रेही आहेत आणि संगणकही आहेत. नंदुरबारसारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने मात्र तो न्यायाचा प्रश्न आहे. येथील विद्यार्थ्याला संगणक मिळाला तर त्याच्या मोबदल्यात त्याच्याकडून यंत्र काढून घेतले जाईल काय, हे आताच विचारून ठेवले पाहिजे.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्याची लोकसंख्या सुमारे साडेसोळा लाख होती, तीपैकी ६९ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे होते आणि साक्षरतेचे प्रमाण ६४ टक्क्यांच्या घरात, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने 'आकांक्षित जिल्हे' निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, वाशिम आणि तेव्हाचे उस्मानाबाद यांच्याबरोबर नंदुरबारचे नाव त्या यादीत आले. तंत्रशिक्षणाची सोय या जिल्ह्यात अजिबात नाही असे नव्हे. शहाद्याला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, नंदुरबारला शासकीय तंत्रनिकेतन आहे, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. या संस्थांत धडगाव, मोलगी, तळोदा, नवापूर या भागांतून येणाऱ्या मुलामुलींपैकी कित्येकांच्या घरात त्यांच्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नसते. घरी पावरी, भिली, मावची किंवा अहिराणी, शाळेत मराठी आणि पदविकेच्या पुस्तकात इंग्रजी, असा तीन भाषांचा घाट चढून ती येथवर आलेली असतात. अशा विद्यार्थ्यांना शिकवताना कोणते साधन वापरावे आणि कोणत्या साधनाचा मोह आवरावा, याचा विचार शहरी मापाने करून भागणार नाही.

प्रतिरूपणाची खरी देणगी

प्रथम हे मान्य केले पाहिजे की प्रतिरूपण ही शिक्षकाच्या हाती आलेली एक मोठी शक्ती आहे. काँक्रीटचेच उदाहरण घ्यावे. सिमेंट आणि पाणी यांचे प्रमाण बदलले की काँक्रीटची ताकद कशी बदलते, हे विद्यार्थ्याला प्रयोगाने दाखवायचे आहे. पाच वेगवेगळी प्रमाणे घेतली, सात दिवसांनी आणि २८ दिवसांनी अशा दोन वेळा चाचणी करायची ठरवली आणि प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे तीन ठोकळे फोडले, तर एकूण ३० ठोकळे लागतात. १५ सेंटिमीटर बाजूचा एक ठोकळा आठ किलोच्या आसपास भरतो. म्हणजे एका प्रयोगासाठी सुमारे २४० किलो काँक्रीट कालवावे, साच्यांत भरावे, महिनाभर पाण्यात ठेवावे आणि शेवटी फोडून फेकून द्यावे लागते. कोणत्याही महाविद्यालयात प्रत्येक विद्यार्थ्याला हे सारे स्वतःच्या हाताने करता येत नाही. प्रत्यक्षात दोनतीन ठोकळे फुटतात, एकजण आकडा वाचतो आणि बाकीचे तो वहीत उतरवून घेतात. संगणकावर हाच विद्यार्थी एका दुपारी पन्नास प्रमाणे तपासू शकतो, चुकू शकतो आणि पुन्हा करू शकतो. चुकीची किंमत शून्यावर येणे, ही शिक्षणातील लहान गोष्ट नव्हे.

दुसरी देणगी डोळ्यांना न दिसणारे दाखविण्याची आहे. लोखंडी पट्टीला मध्यभागी एक गोल भोक पाडून ती दोन्ही टोकांनी ओढली, तर भोकाच्या काठावर सरासरीच्या तिप्पट प्रतिबल निर्माण होते, हा सिद्धान्त १८९८ मध्ये किर्श या जर्मन अभियंत्याने मांडला आणि तो तेव्हापासून पाठ्यपुस्तकांत आहे. रुंद पट्टी आणि लहान भोक यांना तो लागू पडतो. परंतु पट्टीकडे पाहून हे तिप्पट कोणाला दिसत नाही. संगणकाच्या पडद्यावर भोकाचा काठ लालभडक होतो आणि पुस्तकातील समीकरणाला एकदम चेहरा मिळतो. ज्याला इंग्रजी परिच्छेद अडतो त्यालाही ते चित्र अडत नाही. यंत्राचा भाग तुटतो तो बहुधा भोक, खाच किंवा कोपरा असेल तेथून का तुटतो, हे एकदा असे दिसले की आराखडा करताना तो कोपरा गोल करावा हे त्या मुलाला वेगळे सांगावे लागत नाही.

या साधनांचा खर्चही आज फारसा अडचणीचा राहिलेला नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय मोहिमेतून २००९ नंतर 'व्हर्च्युअल लॅब्स' उभ्या राहिल्या. दिल्लीची आय.आय.टी. हिच्याकडे त्यांचे समन्वयन आहे आणि सहभागी संस्थांत मुंबईची आय.आय.टी. आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे. १८५४ साली सुरू झालेल्या पुण्याच्या या जुन्या संस्थेने नव्या कामात भाग घ्यावा हे उचितच होय. मुंबई आय.आय.टी.च्या 'फॉसी' प्रकल्पाने मुक्त आणि विनामूल्य संगणकप्रणालींचा प्रसार केला आहे; पोलादी बांधकामाच्या आराखड्यासाठी 'आय.एस. ८००' या भारतीय मानकावर आधारलेली 'ओस्डॅग' ही प्रणाली तेथेच तयार झाली. त्याच संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमातील पाठ भारतीय भाषांत, त्यांत मराठीतही ऐकावयास मिळतात. म्हणजे परदेशी कंपनीची महागडी प्रणाली विकत घेतल्याशिवाय हे शिक्षण देता येत नाही, ही सबब आता उरलेली नाही.

दोन अपघातांचा धडा

एवढी जमेची बाजू असताना शंका कशाची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर अभियांत्रिकीच्याच इतिहासात आहे.

अमेरिकेतील हार्टफर्ड शहरात १९७० च्या दशकात एक विशाल क्रीडागृह उभारण्यात आले. त्याच्या लोखंडी छताचा आराखडा संगणकाच्या साहाय्याने केला होता आणि ती त्या काळी अभिमानाची गोष्ट होती. छत उभे राहत असतानाच ते अपेक्षेच्या सुमारे दुप्पट झुकले आहे हे मोजमापात दिसून आले. परंतु हिशेब आणि वास्तव यांत असा फरक राहायचाच, असे म्हणून ती सूचना बाजूला सारली गेली. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली ते छत कोसळले. आदल्या रात्री त्याच छताखाली सुमारे पाच हजार प्रेक्षक बास्केटबॉलचा सामना पाहत होते. केवळ काही तासांच्या अंतराने प्राणहानी टळली. छताच्या दांड्यांना मध्ये आधार आहे असे संगणकाला सांगितले होते. प्रत्यक्षात तो आधार तसा नव्हता. संगणकाने त्याला सांगितलेल्या छताचे गणित बरोबर केले होते. उभे होते ते छत निराळे होते.

दुसरी घटना नॉर्वेतील. समुद्रातील तेलविहिरीसाठी बांधलेला 'स्लाइपनर' हा काँक्रीटचा प्रचंड पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी चाचणीसाठी पाण्यात खाली नेला जात असताना फुटला आणि बुडाला. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलरचे झाले. फाइनाइट एलिमेंट या पद्धतीत बांधकामाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकाचे समीकरण सोडवले जाते. येथे नाजूक जागी तुकडे पुरेसे बारीक आणि सुबक घेतले गेले नव्हते. त्यामुळे भिंतींतील कर्तन प्रतिबल ४७ टक्क्यांनी कमी दिसले, आणि जेथे भिंत जाड हवी होती तेथे ती पातळ राहिली. लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. अपघातानंतर तेच विश्लेषण काळजीपूर्वक केले, तेव्हा पाया ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात तो ६५ मीटरवर फुटला होता. पद्धत खोटी नव्हती. ती वापरताना शंका घेणारा माणूस कमी पडला.

भोकाच्या पट्टीचा जो सोपा पाठ वर सांगितला, त्यातच या अपघाताचे बीज पाहता येते. तीच पट्टी पडद्यावर मोठमोठ्या तुकड्यांत विभागली तर काठावरचे प्रतिबल तिप्पट न येता त्याहून बरेच कमी येते. तुकडे बारीक करत गेले की उत्तर हळूहळू तिप्पटीकडे सरकते. ज्याला पुस्तकातील 'तीन' हा आकडा ठाऊक आहे तो पहिल्या उत्तरावर थांबत नाही. ज्याला तो ठाऊक नाही त्याला पहिलेच रंगीत चित्र सुंदर वाटते. म्हणून प्रतिरूपण शिकवणे याचा अर्थ कळ कोठे दाबावी हे शिकवणे असा होत नाही. उत्तर आल्यावर त्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी कोणते तीन प्रश्न विचारावेत, हे शिकवणे असा होतो. आणि ते प्रश्न ज्याने खरी सळई तुटताना पाहिली आहे त्यालाच सुचतात.

आडात नसेल तर

आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही, ही म्हण संगणकाला तंतोतंत लागू पडते. पोलादाचे आकडे कोणत्याही प्रणालीच्या भांडारात तयार मिळतात, कारण पोलाद कारखान्यात ठरावीक मापाने तयार होते. परंतु नंदुरबारच्या अभियंत्याला केवळ पोलादाशीच गाठ घालायची नाही. तापीकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावरच्या घरांच्या भिंती तडकतात. अक्राणीच्या डोंगरातील मुरूम निराळा, गोमाईच्या पात्रातील वाळू निराळी. सातपुड्यातील घरांत, कुंपणांत, मांडवांत पिढ्यान्‌पिढ्या बांबू वापरला जातो. त्याची ताकद जातीनुसार, वयानुसार, ओलाव्यानुसार आणि एकाच वेळूच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बदलत जाते. खासगी जमिनीवरील बांबूला 'वृक्ष' या व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती वन कायद्यात २०१७ मध्ये झाली, तेव्हापासून बांबूच्या बांधकामाला आर्थिक अर्थही आला आहे. परंतु येथील वेळूचा आकडा परदेशी प्रणालीच्या भांडारात सापडायचा नाही. तो येथेच, 'आय.एस. ६८७४' या मानकाने सांगितलेल्या रीतीने, तुकडे कापून आणि यंत्रात दाबून काढावा लागेल.

यातून निघणारा निष्कर्ष प्रचलित समजुतीच्या अगदी उलट आहे. जेथे स्थानिक पदार्थांविषयीची माहिती तुटपुंजी आहे, तेथे प्रतिरूपणाला प्रयोगशाळेची गरज अधिक लागते. मागास म्हणवला जाणारा जिल्हा खऱ्या यंत्रावाचून चालवून घेईल, असे समजणे म्हणजे ज्या शेतात बी नाही तेथे मळणीयंत्र पाठविण्यासारखे आहे.

पडद्यावरच्या काँक्रीटला आणखी एक गुण असतो, तो म्हणजे त्याला पाणी मारण्यास कोणी विसरत नाही. प्रत्यक्षात मे महिन्यात येथे पारा चाळिशीच्या वर जातो, स्लॅबवर टाकलेली गोणपाटे दुपारपर्यंत कोरडी होतात, वाळूत गाळ असतो, मुकादम मिश्रणात एक बादली पाणी जास्त ओततो म्हणजे ते सहज पसरते. २८ दिवसांनी त्याची किंमत चुकवावी लागते. या बादलीचा परिणाम किती, हे संगणक उत्तम सांगेल. पण मिश्रणात एक बादली जास्त पडली आहे हे ओळखण्याची नजर मात्र फावडे हातात घेतल्यावाचून येत नाही.

खानदेशाला याची जुनी साक्ष आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून १८८३ मध्ये पहिल्या श्रेणीने बाहेर पडलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते, ते आजच्या धुळे जिल्ह्यात पांझरेच्या पात्रातून पाइपाचे सायफन नेण्याचे. पावसाळ्यातील पूर आणि वाहून येणारी वाळू यांनी त्या तरुण अभियंत्याची परीक्षा घेतली. परीक्षेत त्यांनी मिळवलेले गुण तेथे निरुपयोगी ठरले नाहीत, परंतु पुरेसेही ठरले नाहीत. गणित आणि नदी या दोघींची ओळख एकाच माणसाला असावी लागते, एवढाच त्याचा अर्थ.

खर्चाचा हिशेब

अर्थशास्त्रात दोन वस्तूंचे नाते दोन प्रकारचे असू शकते. एक वस्तू दुसरीची जागा घेते, तेव्हा त्या पर्यायी वस्तू होत; चहा आणि कॉफी यांसारख्या. एक वस्तू दुसरीची उपयुक्तता वाढवते, तेव्हा त्या पूरक होत. चहा आणि साखर यांसारख्या. अंदाजपत्रक आखणारा अधिकारी प्रतिरूपणाकडे कॉफी म्हणून पाहतो. संगणक कक्ष झाला, आता चाचणी यंत्राची मागणी पुढल्या वर्षी पाहू, असा शेरा फाइलीवर पडतो. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र ते साखरेसारखे आहे. चहा काढून घेतला तर नुसत्या साखरेने भागत नाही.

हा गैरसमज होण्यास हिशेबाची एक खोड कारणीभूत आहे. संगणकावर आणखी एक प्रयोग करण्याचा सीमांत खर्च शून्याच्या जवळ असतो, आणि तो पाहूनच सारे शिक्षण स्वस्त झाले असे वाटते. परंतु स्थिर खर्च कोठे जातो? वीज खंडित होऊ नये म्हणून लागणारी सोय, दर काही वर्षांनी जुने होणारे संगणक, डोंगरी भागात अजूनही बेभरवशाची असलेली दूरसंचार जोडणी, आणि या सर्वांहून मोठा खर्च म्हणजे शिक्षकाचा वेळ. चांगला प्रतिरूपणाचा पाठ तयार करण्यास साध्या व्याख्यानापेक्षा अधिक वेळ लागतो, कमी नव्हे. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांतून संगणक-साक्षरतेचा 'क्लास' प्रकल्प सुरू केला, बी.बी.सी. मायक्रो नावाची यंत्रे शाळाशाळांत पोचवली. यंत्र पोचवणे सोपे असते आणि शिकवणारा तयार करणे कठीण असते, हा त्या प्रयोगाचा धडा चाळीस वर्षांनंतरही जुना झालेला नाही. दुर्मीळ आहे तो शिक्षक. संगणकप्रणाली विनामूल्य मिळते म्हणून शिक्षक विनामूल्य मिळत नाही, आणि तासिका तत्त्वावर नेमलेला, पुढल्या वर्षी असेल की नाही हे ठाऊक नसलेला अध्यापक असा पाठ कशाच्या बळावर उभा करील?

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, जेथे साध्या गरजा भागत नाहीत तेथे संगणकाचे चोचले कशाला? हा आक्षेप सद्‌भावनेचा असला तरी घातक आहे. आज सुरत, नाशिक, पुणे येथील कारखान्यांत नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणाला प्रतिरूपणाची ओळख नसेल, तर मुलाखतीच्या दारातच तो मागे पडतो. गरिबाच्या मुलाला हातोडा आणि श्रीमंताच्या मुलाला संगणक, ही वाटणी कोणत्याही नावाने केली तरी ती जुनीच वाटणी आहे. दुसरा आक्षेप त्याच्या उलट टोकाचा आहे. उद्योगांत आता आराखडे संगणकावरच होतात, तेव्हा हातोड्याचा आग्रह कशाला? त्यावर वैमानिकाचे उदाहरण पुरेसे आहे. विमानोड्डाणाचे शिक्षण कृत्रिम कक्षात सर्वांत पुढे गेले आहे. तरीही धावपट्टीवर विमान न उतरवता कोणाला वैमानिकाचा परवाना मिळत नाही. २०२० च्या महासाथीत महाविद्यालये बंद पडली, तेव्हा पडद्यावरचे प्रयोग हाच आधार होता आणि तो योग्यच होता. परंतु आपत्तीतील तरतूद ही नेहमीची व्यवस्था होऊ लागली की तिचे भाडे सर्वांत दुबळ्याकडून वसूल होते.

काय करावे लागेल

प्रश्न कळला तर उपाय अवघड नाहीत. पहिला उपाय नियमाचा आहे, पैशाचा नव्हे. प्रत्यक्ष प्रात्यक्षिकांचे तास प्रतिरूपणाच्या नावाखाली कमी होऊ नयेत, हे विद्यापीठाने आणि तंत्रशिक्षण मंडळाने स्पष्ट शब्दांत लिहून ठेवावे. त्याबरोबर गुण देण्याची पद्धत बदलावी. विद्यार्थ्याने प्रयोगापूर्वी संगणकावर उत्तर काढून ते वहीत तारखेसह लिहावे, मग तीच सळई किंवा तोच ठोकळा यंत्रात तोडावा, आणि दोन आकड्यांत जो फरक पडेल त्याचे कारण शोधावे. सर्वाधिक गुण त्या फरकाच्या स्पष्टीकरणाला असावेत. हार्टफर्डच्या छताखाली दुप्पट झोल दिसल्यावर तेथील अभियंत्यांनी हेच एक काम केले नव्हते. या पद्धतीचा आणखी फायदा असा की दुसऱ्याच्या वहीतून आकडे उतरवण्यात काही अर्थच उरत नाही.

दुसरा उपाय सामायिक यंत्रांचा. प्रत्येक संस्थेने प्रत्येक महागडे यंत्र घ्यावे अशी अपेक्षा करणे व्यवहार्य नाही. परंतु जिल्ह्यात एक सुसज्ज चाचणी केंद्र सर्व संस्थांना खुले असावे, आणि सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद आणि ठेकेदार यांचे नमुनेही शुल्क घेऊन तेथेच तपासावेत. सार्वजनिक कामांच्या चाचण्या अशाही करणे भागच असते. त्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांदेखत झाल्या तर केंद्राचा खर्च निघेल, विद्यार्थ्याला खऱ्या पुलाचे, खऱ्या पाण्याच्या टाकीचे काँक्रीट पाहावयास मिळेल, आणि कामाच्या दर्जावर चार तरुण डोळ्यांची नजर राहील ती निराळीच. जिल्हा वार्षिक योजना आणि आदिवासी घटक कार्यक्रम यांतून यासाठी तरतूद मागणे मुळीच गैरवाजवी ठरणार नाही.

तिसरा उपाय स्वस्त साधनांचा मान राखण्याचा. खडूची कांडी दोन्ही हातांत धरून पिळली तर ती आडवी न तुटता ४५ अंशांच्या तिरक्या, वळणदार रेषेत तुटते. बीडाची कांडी यंत्रात पिळली तरी अशीच तुटते. मऊ पोलादाची मात्र आडवी, सपाट तुटते. ठिसूळ पदार्थ ओढ सहन करत नाही, हा सिद्धान्त एका खडूच्या किमतीत वर्गभर समजतो, आणि मग तेच पडद्यावर पाहताना ओढीची दिशा कोठली हे विद्यार्थी स्वतः दाखवू शकतो. खडू, पडदा आणि यंत्र या क्रमाने जाणारा पाठ मराठीत बोलून झाला, तर इंग्रजी संज्ञा नंतर आपोआप अंगवळणी पडतात.

चौथा उपाय विषयांच्या निवडीचा. पदविकेच्या अंतिम वर्षातील प्रकल्पांसाठी परगावच्या छापील अहवालांची नक्कल करण्याऐवजी जिल्ह्यातील प्रश्न द्यावेत. नाल्यावरचा फरशी पूल पुरात किती भार घेईल, आश्रमशाळेच्या पत्र्याच्या छताला वाऱ्याची ओढ किती, काळ्या मातीवरच्या अंगणवाडीचा पाया कसा असावा, येथील बांबूच्या कैचीवर किती वजन चालेल, असे प्रश्न येथे जागोजागी आहेत. त्यांची मोजमापे घ्यावीत, पदार्थ तपासावेत, मग संगणकाला विचारावे. दहा वर्षांत जिल्ह्याच्या पदार्थांची एक अशी नोंदवही तयार होईल की जी आज कोणाच्याही भांडारात नाही.

या साऱ्याचे महत्त्व केवळ महाविद्यालयाच्या भिंतीआड नाही. आज पदविका घेणाऱ्या मुलांतूनच उद्याचे कनिष्ठ अभियंते निघतात. उदईवरचा किंवा रंगावलीवरचा पूल वाहतुकीस योग्य आहे की नाही, नव्या टाकीचे काँक्रीट स्वीकारावे की नाकारावे, या प्रश्नांवर पहिली सही त्यांचीच पडते. महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. अशा पुलांच्या दगडांत आणि पायांत काय चालले आहे, हे पाण्यात उतरून, हाताने चाचपून आणि मग गणित करूनच कळते. गणिताचा भाग संगणक पूर्वीपेक्षा कितीतरी चांगला करील. पाण्यात उतरण्याचा भाग माणसाकडेच राहणार आहे.

सातपुड्याच्या पाड्यातून आलेल्या विद्यार्थ्याच्या हाती पडदा द्यावा, आणि पहिल्या वर्गाचा द्यावा. त्याबरोबर सळई, ठोकळा आणि वेळूही द्यावा. दोन्ही दिल्यानंतर तो मुंबई-पुण्याच्या विद्यार्थ्याच्या बरोबरीने उभा राहील, आणि काही बाबतींत पुढेही जाईल, कारण आपल्या मातीचा आकडा त्याच्याजवळ असेल. पडदा देऊन बाकीचे काढून घेतले, तर कागदावर जिल्ह्याचे आधुनिकीकरण झालेले दिसेल आणि प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला प्रयोगशाळेचे केवळ चित्र येईल. पुढल्या अंदाजपत्रकात संगणक कक्षाच्या ओळीखाली चाचणी यंत्राची आणि कायम शिक्षकाची ओळ आहे की नाही, एवढे पाहिले तरी राज्यकर्त्यांनी यांपैकी कोणता मार्ग निवडला हे समजून येईल.